वाचक विचारतात : ॲनिमेतल्या जागा प्रत्यक्ष पाहायच्या तर

ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशन चित्रपट-मालिकांत, दिसलेल्या खऱ्याखुऱ्या जागा शोधत जपानभर फिरण्याला तिथे ‘सेइची जुनरेई’, म्हणजे तीर्थयात्रा म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ‘स्पिरिटेड अवे’मधलं गाव म्हणजे तैवानमधलं जिउफेन, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मित्र म्हणतो ही थाप आहे. एखादी जागा खरंच त्या ॲनिमेतली आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

मित्राचं बरोबर आहे. जिउफेनचा संबंध खुद्द दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी नाकारलेला आहे. लाल कंदिलांच्या त्या गल्ल्या पाहाव्यात अशाच आहेत, पण चित्रपटाची मुळं हवी असतील तर टोकियोच्या कोगानेई भागातलं एदो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय गाठा. तिथे जुन्या इमारती उचलून आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत. त्यातल्या ताकेई सानशोदो या स्टेशनरीच्या दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत. ते पाहिलं की चित्रपटातल्या कामाजी या म्हाताऱ्याची बॉयलरखोली वेगळी सांगावी लागत नाही. संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि याच वारी सर्वांत जास्त लोक दारापर्यंत जाऊन परततात.

जागा तीन प्रकारच्या असतात आणि प्रवासाचे पैसे खर्च करण्याआधी आपली जागा कुठल्या प्रकारात बसते ते बघावं. पहिला प्रकार म्हणजे निर्मात्यांनी किंवा गावाने उघडपणे मान्य केलेली. इबाराकीतलं ओआराई हे असं गाव आहे. ‘गर्ल्स उंड पँझर’मधल्या मुलींचे पूर्णाकृती फलक तिथल्या दुकानांसमोर उभे असतात. दुसऱ्या प्रकारात कुणी अधिकृतपणे काही बोललेलं नसतं, पण चाहत्यांनी चौकट (म्हणजे पडद्यावरचं एक स्थिर चित्र) आणि जागा ताडून पाहिलेली असते. तिसऱ्यात फक्त नाव किंवा वातावरण जुळतं. ‘डीमन स्लेयर’च्या चाहत्यांची गर्दी होते ती नारा प्रांतातल्या याग्यूची दुभंगलेली शिळा, किंवा नायकाच्या आडनावाशी नाव जुळणारं दाझाइफूचं कामादो मंदिर, ही दोन्ही या प्रकारातली. जायला हरकत नाही, पण तिथे हुबेहूब चौकट शोधाल तर हाती काही लागणार नाही.

दुसऱ्या प्रकारात खरी गंमत आहे आणि चुकाही तिथेच होतात. एकाने केलेली चूक दहा याद्यांमध्ये जशीच्या तशी उतरते. म्हणून चित्रातले पुरावे स्वतः तपासा. रेल्वेच्या डब्याचा रंग हा सर्वांत सोपा पुरावा : टोकियोत हिरवा पट्टा यामानोते मार्गाचा, नारिंगी चुओ जलद मार्गाचा, आणि लाल डबे मारुनोउची मेट्रोचे. विजेच्या खांबांवर भागाचं नाव किंवा क्रमांक असलेल्या पट्ट्या असतात, आणि चित्रकार त्या पुष्कळदा तशाच उतरवतात. मॅनहोलच्या झाकणावरची नक्षी नगरपालिकेनुसार बदलते. असे दोन-तीन धागे जुळले की नकाशावरच्या रस्तादृश्यात (स्ट्रीट व्ह्यूमध्ये) जाऊन पाहा, आणि तिथली जुन्या तारखेची छायाचित्रं उघडायला विसरू नका. ॲनिमे २०१३ चं असेल तर आजच्या रस्त्याशी तुलना करून काय उपयोग?

सुरुवातीला हाताशी एखादी यादी हवीच असेल, तर २०१६ मध्ये स्थापन झालेली ॲनिमे टुरिझम असोसिएशन ८८ ठिकाणांची निवड जाहीर करते. ८८ हा आकडा शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेवरून घेतलेला आहे. ही निवड पर्यटनाला चालना देण्यासाठी केलेली आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी.

प्रश्न : स्क्रीनशॉट हातात धरून त्याच जागी उभं राहून फोटो काढला, तरी मागच्या इमारती फार लहान येतात. चुकतं कुठे?

तुम्ही जास्त पुढे उभे आहात. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. चित्रातला जवळचा कठडा तेवढाच मोठा दिसावा म्हणून आपण पुढे सरकतो. कठडा मोठा होतो, पण मागची इमारत जवळपास तेवढीच राहते. वस्तूंचं एकमेकींशी प्रमाण फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. झूमने ते बदलत नाही, झूम केवळ कडा छाटतो. तेव्हा आधी पाय, मग झूम.

जागा अशी पकडा. चित्रात जवळची एक उभी कड आणि दूरची एक उभी कड निवडा, समजा खांब आणि त्याच्या मागच्या इमारतीचा कोपरा. चित्रात खांब त्या कोपऱ्याला नेमका कुठे झाकतो ते बघा आणि तसंच दिसेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. आता पुढे-मागे. खांबाची उंची आणि मागच्या इमारतीची उंची यांचं प्रमाण चित्राशी ताडा. इमारत लहान वाटली तर मागे जा, मोठी वाटली तर पुढे या. पुढे-मागे केल्यावर पहिली जोडी थोडी हलते, म्हणून पुन्हा डावी-उजवी. दोन-तीन फेऱ्यांत जागा पक्की होते.

कॅमेऱ्याची उंची बहुतेक जण विसरतात. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या वस्तूला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते. चित्रात क्षितिज प्रौढ माणसाच्या कमरेतून जात असेल, तर तो कॅमेरा जमिनीपासून मीटरभर वर धरलेला आहे आणि तुम्हाला वाकावं लागणार. ॲनिमेत अशा खालच्या कोनांची चौकट वारंवार येते. उभ्याने काढलेले फोटो ‘काहीतरी वेगळं’ वाटतात त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

पायऱ्या किंवा उंच इमारत असेल तर फोन वर झुकवू नका. झुकवला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे कलतात, आणि चित्रकारांनी त्या बऱ्याचदा सरळ ठेवलेल्या असतात. फोन सरळ उभा धरून गरज पडल्यास अतिरुंद लेन्सने काढा आणि खालचा नको असलेला भाग नंतर छाटा. छाटण्यावरून आठवलं : फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि टीव्हीवरचं ॲनिमे १६:९. जागेवर ४:३ मध्येच मोकळी जागा सोडून काढावा आणि घरी कापावा. कॅमेऱ्यातच १६:९ निवडलं तर वर-खाली सरकवायला काही उरत नाही.

हे सगळं करूनही जमेना तर चूक तुमची नसेल. एक जोडी जुळवल्यावर तुम्ही एका ठिकाणी येता आणि दुसरी जोडी जुळवल्यावर तिथून चार-पाच मीटर दूर, असं होत असेल तर चित्रकाराने दोन फोटो एकत्र केले आहेत किंवा दूरचा डोंगर मुद्दाम मोठा काढला आहे. तारा गाळणं, झाड हलवणं हे तर रोजचंच. दहा मिनिटं द्या आणि पुढच्या चौकटीकडे वळा. आणि जुळणारी जागा रस्त्याच्या मधोमध, रुळांवर किंवा कुणाच्या अंगणात येत असेल, तर ती चौकट सोडायची. तिथे हुज्जत नाही.

तयारीचं एक राहिलं. पुष्कळ अधिकृत स्ट्रीमिंग ॲपमध्ये स्क्रीनशॉट काळा येतो. तेव्हा अधिकृत ट्रेलरमधल्या चौकटी आधीच फोनवर साठवा. एका जागेसाठी पाच-सहा पुरतात.

प्रश्न : ‘स्लॅम डंक’च्या सुरुवातीच्या गाण्यातलं समुद्राजवळचं रेल्वे फाटक पाहायचं आहे. गर्दी टाळायला केव्हा जावं?

ते फाटक एनोदेन मार्गावर कामाकुरा-कोको-माए स्थानकाला लागूनच, कामाकुराच्या बाजूला आहे. रविवारी सकाळी लवकर जा. आठवड्याच्या दिवशी सकाळी शेजारच्या शाळेची मुलं त्याच उतारावरून जातात, आणि दुपारी पर्यटक इतके असतात की सुरक्षारक्षक नेमावे लागले आहेत.

रक्षक ओरडतात ते एकाच कारणासाठी : फाटक चौकटीच्या मधोमध यावं म्हणून लोक गाड्यांच्या रस्त्यावर उतरतात. उतारावरून येणाऱ्या गाड्या आणि समोरचा किनारी महामार्ग यांच्यामध्ये थांबायला जागाच नाही. पदपथावरून काढा. चौकट थोडी तिरकी येईल, येऊ द्या.

मार्च २०२३ पासून एनोदेनच्या गाड्या दर १४ मिनिटांनी धावतात. मार्ग एकेरी आहे, म्हणजे १४ मिनिटांत फाटकावरून दोन गाड्या जातात, एक इकडची आणि एक तिकडची. पहिली हुकली तर धावपळ नको. वेग जास्तीत जास्त ताशी ४५ किलोमीटर, तेव्हा एक पंचशतांश सेकंदाचा शटर पुरे. खरी अडचण प्रकाशाची आहे. तुम्ही दक्षिणेकडे, समुद्राकडे तोंड करून उभे असता, त्यामुळे दुपारी गाडीची तुमच्याकडची बाजू सावलीत आणि मागे लखलखतं पाणी. फोन पाण्याप्रमाणे प्रकाश मोजतो आणि हिरवी गाडी काळी येते. गाडी येण्याआधीच फाटकाच्या खांबावर बोट दाबून प्रकाश पक्का करून ठेवा. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरच्या तासाभरात मात्र त्या बाजूवर तिरपा उजेड पडतो.

प्रश्न : ‘युअर नेम’साठी हिदा-फुरुकावा आणि ते गोल सरोवर, दोन्ही टोकियोहून एका दिवसात होईल का?

नाही. टोकियो ते हिदा-फुरुकावा एका बाजूचेच साडेचार तास धरा, मग नागोयामार्गे जा की तोयामामार्गे. मुक्काम ताकायामात करा. तिथून हिदा-फुरुकावा रेल्वेने पाव तासाच्या अंतरावर आहे. नागोयाहून येणाऱ्या ‘हिदा’ एक्सप्रेसपैकी बऱ्याच ताकायामालाच संपतात. तिकीट काढताना शेवटचं स्थानक वाचा.

गावात दोन चौकटी महत्त्वाच्या. स्थानकाशेजारच्या पादचारी पुलावरून दिसणारे रूळ, आणि नगरपालिकेचं ग्रंथालय. पुलावरून चौकट नीट जुळते, पण गाडी जुळणार नाही : चित्रपटातली किहा ८५ मालिकेची डिझेल गाडी २०२३ मध्ये ‘हिदा’वरून काढली आणि तिच्या जागी एचसी ८५ आली. ग्रंथालयात आधी काउंटरवर जाऊन विचारा. वाचणाऱ्यांचे चेहरे टिपायचे नाहीत, आणि शटरचा आवाज होऊ द्यायचा नाही. जपानी बाजारातल्या फोनमध्ये हा आवाज सहसा बंद होत नाही, तेव्हा तिथे विकत घेतलेला फोन असेल तर तो बाहेर येऊ नये.

सरोवराचं म्हणाल तर इतोमोरी हे गाव आणि ते सरोवर काल्पनिक आहेत. चाहते नागानो प्रांतातल्या सुवा सरोवराकडे, तातेइशी उद्यानाच्या टेकडीवर जातात. वरून दिसणारं दृश्य खरोखर तसं आहे, पण हिदापासून ते चांगलंच आडवाटेला आहे. त्याच दिवसात बसवू नका.

प्रश्न : रेल्वे पास घ्यावा की कार्ड पुरेल?

ॲनिमेच्या जागांसाठी जपान रेल्वेचा देशभराचा जेआर पास क्वचितच परवडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत वाढून ७ दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला. टोकियो-क्योतो जाण्या-येण्याचं शिन्कान्सेनचं भाडं २८,००० येनच्या आसपास आहे. शिवाय या जागा बहुतेक खासगी मार्गांवर असतात : एनोदेन, चिचिबूला जाणारी सेइबू, ओआराईची काशिमा रिनकाई, तोयोसातोची ओमी. पास तिथे चालत नाही.

कार्डाचा घोळ वेगळा. सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड देशात जवळजवळ सगळीकडे चालतं, पण एका विभागात शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. नेहमीचं उदाहरण ‘लव्ह लाइव्ह! सनशाइन’च्या नुमाझूचं. टोकियोत कार्ड टेकवून शिरता, आतामीला विभाग बदलतो आणि नुमाझूच्या दारावर लाल दिवा लागतो. मग खिडकीवर रोखीने भाडं भरायचं आणि कार्डावरची नोंद पुसून घ्यायची. टोकियोतच कागदी तिकीट काढलं की प्रश्न मिटतो.

नुमाझूहून उचिउराला, म्हणजे मालिकेतल्या किनाऱ्याकडे, पुढे बस आहे, सुमारे ४० मिनिटांची. गावाकडच्या बसची रीत अशी : मागच्या दाराने चढायचं, तिथल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, समोरच्या फलकावर आपल्या क्रमांकाखाली वाढत जाणारं भाडं बघायचं, आणि उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. सुटे नसतील तर पेटीला जोडलेलं यंत्र १,००० येनची नोट मोडून देतं. ५,००० आणि १०,००० च्या नोटा ते सहसा घेत नाही. बस थांबल्यावर मोडायला जाल तर सगळी बस तुमची वाट पाहत बसते, म्हणून आधीच्या सिग्नलला मोडून ठेवा.

प्रश्न : टोकियोत एकच दिवस हाताशी आहे. ‘युअर नेम’चे दिग्दर्शक माकोतो शिन्काई यांच्या चित्रपटांतलं काय बघून होईल?

सकाळी योत्सुयाचं सुगा मंदिर. ‘युअर नेम’च्या शेवटातल्या, लाल कठड्याच्या पायऱ्या तिथे आहेत. योत्सुया स्थानकापासून दहा मिनिटं चालावं लागतं. हा राहता मोहल्ला आहे, आवाज खाली ठेवा. मग शिन्जुकू ग्योएन उद्यान, ‘गार्डन ऑफ वर्ड्स’साठी : ९ ला उघडतं, प्रौढांना ५०० येन, सोमवारी सहसा बंद. जपानी बागेतल्या त्या लाकडी मंडपात पाऊस हवा असेल तर जून ते जुलैचा मध्य साधा. चित्रपटातली बाई तिथे बिअर पिते, पण प्रत्यक्षात उद्यानात दारूला बंदी आहे. संध्याकाळी ‘वेदरिंग विथ यू’साठी ताबाता स्थानकाच्या दक्षिण दाराबाहेरचा उतार. एवढंच करा, चौथी जागा घालू नका.

प्रश्न : ॲनिमेतल्या शाळेत आत जाता येतं का?

चालू शाळेत नाही, आणि फाटकाबाहेरून मुलांचे फोटोही नाहीत. अपवाद म्हणजे शिगा प्रांतातली तोयोसातो प्राथमिक शाळेची जुनी इमारत, ‘के-ऑन!’मधली. १९३७ ची, विल्यम मेरेल व्होरीस यांनी आखलेली. शाळा आता तिथे भरत नाही. प्रवेश विनामूल्य आहे. जिन्याच्या कठड्यावर ससा-कासवाची पितळी शिल्पं खालपासून वरपर्यंत क्रमाने बसवलेली आहेत. शर्यत पायथ्यापासून बघत चढा.

प्रश्न : गेल्यावर जागाच नाहीशी झालेली असेल तर?

असं घडतं, आणि बऱ्याचदा. ‘वेदरिंग विथ यू’ जुलै २०१९ मध्ये आला आणि त्यातली योयोगी काईकान ही पडीक इमारत त्याच वर्षी पाडायला घेतली. अकिहाबाराचं रेडिओ काईकान ‘स्टाइन्स;गेट’च्या चाहत्यांना ठाऊक आहे. जुनी इमारत २०११ मध्ये गेली, आताची २०१४ ची आहे. उलट उदाहरणही आहे : ‘लकी स्टार’मुळे गाजलेल्या साइतामातल्या वाशिनोमिया मंदिराची लाकडी कमान २०१८ मध्ये कोसळली आणि २०२१ मध्ये पुन्हा उभी राहिली. त्या मंदिरात नवसाच्या लाकडी पाट्यांवर चाहत्यांनी काढलेली पात्रं बघण्यासारखी असतात. निघण्यापूर्वी जागेचं नाव जपानी लिपीत शोधा आणि अलीकडच्या महिन्याभरातले फोटो पाहा. इंग्रजी याद्या दोन-तीन वर्षं मागे असतात.

प्रश्न : ‘युरू कॅम्प’मधल्या मोतोसु सरोवरावर ऑगस्टमध्ये जातोय. फुजी दिसेल ना?

भरवसा धरू नका. ऑगस्टमध्ये डोंगर बहुतेक वेळ ढगात असतो, दिसलाच तर पहाटे. स्वच्छ दर्शन डिसेंबर-जानेवारीच्या सकाळचं, आणि कथेतला मोसमही थंडीचाच आहे. त्या बाजूच्या बस मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी लिहून घ्या. ऑगस्टच पक्का असेल तर तिथल्या तंबूंच्या तळावर एक रात्र काढा आणि उजाडण्यापूर्वी उठा. खिशात नोगुचींचं चित्र असलेली जुनी १,००० येनची नोट असेल तर मागची बाजू बघा, याच सरोवरामागचा फुजी तिच्यावर आहे. जुलै २०२४ पासूनच्या नव्या नोटेवर लाट आहे. ड्रोनचा विचार असेल तर १०० ग्रॅम आणि त्यावरच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी जून २०२२ पासून सक्तीची आहे, पर्यटकांनाही.